गोदातीरावरील धर्मविचार आणि पाण्याची जबाबदारी : धर्माबादच्या निमित्ताने

'पर्यावरणीय जबाबदारी' हा शब्दप्रयोग आज मराठीत सर्रास वापरला जात असला, तरी त्यातील 'पर्यावरण' हा शब्द संस्कृत धाटणीचा असूनही विसाव्या शतकात रूढ झालेला आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जुन्या ग्रंथकारांजवळ 'सृष्टी' होती, 'पंचमहाभूते' होती, 'चराचर' होते. मनुष्याभोवतीचे आवरण अशी वेगळी कल्पना त्यांना करावी लागली नव्हती. 'जबाबदारी' हा शब्द तर अरबी 'जवाब' आणि फारसी 'दार' यांच्या संयोगातून आलेला. ज्याच्यापाशी उत्तर आहे, किंवा ज्याने उत्तर दिले पाहिजे, तो जबाबदार. 'जाब विचारणे', 'जाबसाल' हे प्रयोग याच कुळातले होत. या शब्दाच्या अर्थात एक अट दडलेली आहे. जबाबदारी म्हटली की ती ज्याच्यावर आहे तो मनुष्य, ज्या वस्तूविषयी आहे ती वस्तू आणि जाब विचारण्याचा अधिकार ज्याला आहे तो, अशा तिघांचे अस्तित्व गृहीत धरावे लागते. धर्म आणि पर्यावरण यांच्या संबंधावर गेल्या साठ वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्यात वस्तूविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, मनुष्याविषयी थोडे. जाब कोणी विचारावयाचा, हा प्रश्न मात्र बहुधा अस्पर्श राहिला. प्रस्तुत लेखात तो प्रश्न गोदावरीच्या एका लहान टापूच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न आहे.

हा टापू म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा धर्माबादचा परिसर. येथून गोदावरी महाराष्ट्र सोडते. जवळच कंदकुर्ती येथे मांजरा तिला मिळते, आणि थोड्याच अंतरावर पलीकडे बासरचे सरस्वतीचे क्षेत्र आहे. निजामाच्या राज्यात धर्माबाद व बासर एकाच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे तत्कालीन आंध्र प्रदेशाकडे गेली आणि धर्माबाद इकडे राहिले. बासरला जाणारा धर्माबादचा भाविक त्या वर्षापासून परराज्यात जाऊ लागला. २०१४ पासून ते राज्य तेलंगण झाले. दोन्ही काठांवरील माणसे दोन्ही भाषा जाणतात. मराठवाड्यात गोदावरीला 'गंगा' असेच म्हणतात आणि तिच्या काठच्या पट्ट्याला 'गंगथडी' हे जुने नाव आहे.

गावाचे नावही विचार करण्याजोगे आहे. 'धर्म' संस्कृत, 'आबाद' फारसी. लोकव्युत्पत्ती 'आबाद'मध्ये 'आब' म्हणजे पाणी पाहते, आणि नदीकाठच्या गावाला ती शोभूनही दिसते. परंतु इराणी भाषांच्या अभ्यासकांनी स्वीकारलेली व्युत्पत्ती वेगळी आहे. 'आबाद' हा शब्द 'रक्षण करणे' या अर्थाच्या 'पा' धातूपासून आला असून तोच धातू संस्कृतातील 'गोप', 'भूप' या शब्दांत आहे. राखलेली, सांभाळलेली म्हणून वसलेली जागा ती आबाद. गावाच्या नावावरून इतिहास सिद्ध करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तथापि राखणे ही क्रिया कर्त्यावाचून संभवत नाही, एवढे येथे नमूद करून ठेवावयास हरकत नाही.

गोदावरीच्या उत्पत्तीची कथा सर्वपरिचित आहे; पण तिचा जो भाग माहात्म्यकथनात मागे पडतो, तोच येथे महत्त्वाचा आहे. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात गौतमाच्या हातून घडलेल्या, म्हणजे घडवून आणलेल्या, गोहत्येच्या प्रायश्चित्तासाठी गंगा त्र्यंबक येथे अवतरते. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत या कथेच्या आधी आणखी एक प्रसंग येतो. अनावृष्टीच्या काळी गौतमाला वरुणाकडून न आटणाऱ्या पाण्याचा एक खड्डा मिळतो. इतर ऋषीही तेथे येऊन राहतात, आणि पाणी आधी कोणी भरावयाचे यावरून गौतमाचे शिष्य व ऋषिपत्नी यांच्यात भांडण जुंपते. त्या भांडणातूनच गौतमाला घालवून देण्याचा कट, मायावी गाय, तिचा मृत्यू आणि प्रायश्चित्त अशी साखळी निर्माण होते. पुराणकाराने नदीच्या जन्माच्या मुळाशी पाणवठ्यावरील अग्रक्रमाचा तंटा ठेवला आहे. नदी अवतरते ती एका व्यक्तीच्या दोषाची भरपाई म्हणून. अवतरल्यावर मात्र ती सर्वांचे दोष धुते आणि तिच्याबद्दल कोणाकडेही जाब मागितला जात नाही. माहात्म्यग्रंथांची रचनाच अशी आहे की फल स्नान करणाऱ्याचे आणि सामर्थ्य नदीचे. नदीला मनुष्याकडून काही हवे आहे, ही कल्पना त्यांत क्वचितच उमटते.

आधुनिक विद्याशाखांनी या सामग्रीकडे आपापल्या वाटेने पाहिले. १९६७ मध्ये लिन व्हाइट या मध्ययुगीन तंत्रज्ञानाच्या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात पश्चिमेकडील निसर्गविनाशाची मुळे ख्रिस्ती धर्मातील मनुष्यकेंद्री विचारात शोधली. त्या निबंधाला जी असंख्य उत्तरे आली त्यांत पौर्वात्य धर्म निसर्गस्नेही आहेत, असा एक सोयीचा सिद्धान्त पुष्कळांनी गृहीत धरला. महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्राने अधिक ठोस काम केले. माधव गाडगीळ व वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवराया पाहून, देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत वनस्पतींचे कोणते प्रकार टिकून राहिले आहेत, हे दाखवून दिले. या रानांना नियम होते, काठी तोडण्याआधी देवाचा कौल घ्यावा लागे, आणि कौल विचारणारा मनुष्य गावाला माहीत असे. ॲन फेल्डहाउस यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्यांच्या धार्मिक अर्थांचा शोध घेतला. त्यांच्या मते नदीच्या स्त्रीरूपामागे मुख्यतः समृद्धी, अन्न, संतती, आरोग्य, सौंदर्य यांची कल्पना आहे. केवळ पावित्र्याच्या चौकटीत ती मावत नाही. केली ॲली या मानवशास्त्रज्ञ विदुषीने २००२ मध्ये गंगेविषयी लिहिताना एक भेद स्पष्ट केला. काठावरच्या भाविकांच्या दृष्टीने नदी घाण होऊ शकते, अपवित्र मात्र होऊ शकत नाही.

हा शेवटचा भेद मराठीत अधिक तीव्रतेने व्यक्त होतो, कारण मराठीत त्यासाठी दोन स्वतंत्र, रोजच्या वापरातले शब्द आहेत: 'घाण' आणि 'विटाळ'. घाण वस्तूत असते, ती डोळ्यांना दिसते, नाकाला कळते, झाडून धुऊन जाते. विटाळ संबंधात असतो, तो दिसत नाही, आणि तो जातो तो विधीने. वाहत्या पाण्याला विटाळ लागत नाही, ही धर्मशास्त्राची व लोकव्यवहाराचीही समजूत. साहजिकच वाहत्या नदीविषयी सावध राहण्याचे विधिनिष्ठ कारणच उरत नाही. स्थिर पाण्याची गोष्ट वेगळी. विहिरीला, तळ्याला विटाळ लागतो असे मानले गेले. मराठवाड्यातील खेड्यांत दलितांचे पाणवठे वेगळे राहिले ते याच समजुतीमुळे.

दोन शब्दांमधील हे अंतर किती खोल आहे, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा गोदाकाठाबाहेर, कोकणातील महाड येथे मिळतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्याची 'शुद्धी' केली ती शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी त्यात रिकाम्या करून. माणसाच्या ओंजळीने तळे बाटले आणि शेणाने शुद्ध झाले! आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने या प्रसंगात पाण्यात घाण मिसळली गेली, धर्मरूढीच्या दृष्टीने ती काढली गेली. पुढे न्यायालयीन लढा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात डॉ. आंबेडकरांच्या बाजूने संपला. धर्म आणि पर्यावरण यांच्या अभ्यासकांनी हा प्रसंग सामाजिक इतिहासाचा म्हणून बाजूला ठेवलेला दिसतो. ही त्यांची चूक आहे. पाणी शुद्ध राखण्याची धार्मिक जबाबदारी भारतात जेथे जेथे प्रत्यक्ष अमलात आणली गेली, तेथे तिचा रोख पाण्यात काय पडते याहून पाण्याजवळ कोण येतो याकडे अधिक होता. देवरायांचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

निर्माल्याचे उदाहरण याच संदर्भात पाहता येईल. देवाला वाहिलेले फूल पायदळी पडू नये म्हणून ते पाण्यात सोडावयाचे. येथे वस्तूची पवित्रताच तिला नदीत नेते. मूर्तिविसर्जनाचेही तसेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. त्या सूचना घाणीच्या भाषेत आहेत, आणि घाटावर उभा असलेला भाविक पवित्रतेच्या भाषेत विचार करीत असतो. दोघांत वाद होण्याइतकाही संवाद पुष्कळदा होत नाही.

मग धर्मपरंपरेत जबाबदारी मुळीच नव्हती काय? होती, आणि ती शोधावयाची तर स्तोत्रे व माहात्म्ये बाजूला ठेवून 'पूर्त' या जुन्या शब्दाकडे वळावे लागते. 'इष्ट' म्हणजे यज्ञादी कर्म, 'पूर्त' म्हणजे विहीर, तळे, बाग, अन्नछत्र, देवालय. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील दानखंडात जलाशयांच्या उत्सर्गाचा विचार आला आहे. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीचे सविस्तर विवेचन केले आहे. उत्सर्ग म्हणजे दात्याने तळ्यावरील आपले स्वामित्व सोडून ते सर्व भूतांना अर्पण करणे. त्यावरून निबंधकारांपुढे एक बारीक प्रश्न उभा राहतो. स्वामित्व सोडलेल्या तळ्याचे पाणी दात्याने स्वतः वापरावे की नाही? इतरांप्रमाणे तोही एक, म्हणून वापरावे, असा कौल पुढे येतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तळे फोडणाऱ्याला देहदंड सांगितला आहे, अथवा त्याने ते पुन्हा बांधून द्यावे व उत्तम दंड भरावा असा पर्याय दिला आहे. येथे जबाबदारीचे तिन्ही कोन जुळतात: बांधणारा वा फोडणारा मनुष्य, तळे, आणि जाब विचारणारा राजा.

मराठवाड्याची भूमी अशा पूर्तकर्माच्या खुणांनी भरलेली आहे. नांदेड जिल्ह्यातच कंधारला राष्ट्रकूटांचा जगत्तुंग समुद्र आहे. तलावाला समुद्र म्हणण्याची आणि त्याला राजाचे बिरुद जोडण्याची ती पद्धत, बांधणाऱ्याचे नाव पाण्याशी कायमचे बांधून ठेवणारी. यादवकालीन बारवा गावोगाव आहेत. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की नहरेने आणलेल्या पाण्यावर चाले व तेथे दळलेले पीठ फकीर-यात्रेकरूंच्या अन्नासाठी वापरले जाई. पुण्यकर्माची कल्पना इस्लामी असली, तरी पाणी, उपयोग आणि देखरेख करणारी संस्था यांची सांगड तीच. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा अंत्यकाळ व्यतीत झाला. तेथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे रोज पहाटेपूर्वी गोदावरीचे पाणी घागरीत भरून आणण्याचे काम एका नेमलेल्या सेवेकऱ्याकडे असते. त्याला 'गागरिया सिंघ' म्हणतात. गुरू नानकांच्या जपुजीच्या अखेरीस पाण्याला पिता म्हटले आहे, हे अभ्यासक आवर्जून सांगतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्या रूपकापेक्षा हे पद अधिक बोलके वाटावे. ज्या संस्थेने पाण्याशी असलेल्या नात्यासाठी एक मनुष्य नेमला, तिला नदीचे पाणी आणण्यायोग्य आहे की नाही हे रोज कळते.

पूर्तधर्माची मर्यादाही येथेच आहे. पूर्त हे निर्मिलेल्या जलाशयाचे असते. नदी कोणी निर्मिलेली नाही, म्हणून तिचा दाता नाही, उत्सर्ग नाही, भंगाचा दंडही नाही. मनूने चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असे नियम घातले आहेत. ते स्नातकाच्या वैयक्तिक आचाराचे नियम होत. प्रत्येकाने पाळावयाचे आणि म्हणूनच कोणीही विचारावयाचे नाहीत, असे त्यांचे स्वरूप झाले. गोदावरीची धार्मिक प्रतिष्ठा आणि तिची व्यावहारिक अनाथता ही एकाच कारणाची दोन फळे आहेत.

संतवाङ्मयाचा आधार घेताना याहून मोठी सावधगिरी हवी. ज्ञानेश्वरीच्या चौदाव्या अध्यायातील एक ओवी वृक्षारोपणाच्या सरकारी व निमसरकारी कार्यक्रमांत नेहमी उद्धृत होते. नगरे वसवावी, जलाशय निर्माण करावे, मोठी वने लावावी, असा तिचा आशय. ज्ञानेश्वरांचा पर्यावरणसंदेश म्हणून ती फलकांवर लिहिली जाते. परंतु ती ओवी आली आहे गीतेतील 'लोभ, प्रवृत्ती, कर्मांचा आरंभ' या रजोगुणाच्या लक्षणांचे विवरण करताना. एकामागून एक कामे हाती घेण्याची, कितीही केले तरी न शमणारी जी हाव, तिचे वर्णन करताना ज्ञानेश्वरांनी नगरे, जलाशय आणि वने ही उदाहरणे दिली आहेत. १२९० च्या सुमारास, यादवांच्या वैभवकाळात, पूर्तकर्म करवून नाव मिळविणारे धनिक व अधिकारी त्यांच्या डोळ्यांसमोर असतील काय, हा तर्क मोहक आहे. तो तर्क म्हणूनच राहू द्यावा. ओवी मात्र आज्ञा नाही, निदान आहे. वने लावणे वाईट, असे ज्ञानेश्वर म्हणत नाहीत. कोणत्या वृत्तीने लावली, हे ते विचारतात. आजच्या कोटीकोटी रोपांच्या घोषणांना त्या ओवीचा खरा अर्थ अधिक लागू पडेल, हे तिचा उपयोग करणाऱ्यांच्या लक्षात आलेले नाही.

तुकारामांचा वृक्षवेलींना सोयरे म्हणणारा अभंगही असाच. त्याचा विषय एकांत आहे; वनात राहून मन मनाशीच बोलते, हा त्याचा शेवट. तरीही 'सोयरे' या शब्दाची निवड लक्षणीय आहे. मराठीत 'भाऊबंद' रक्ताचे, 'सोयरे' देण्याघेण्यातून जोडलेले. सोयरिकीत मानपान असतो, रुसवा असतो, आणि चुकले तर विचारणारे कोणी असते. तुकारामांनी वृक्षांना आई म्हटले नाही. आईचे ऋण फिटत नाही, असे म्हणून माणूस मोकळा होऊ शकतो. सोयऱ्याशी व्यवहार चोख ठेवावा लागतो. हा अर्थ अभंगावर लादला जात आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो काही अंशी रास्त आहे. शब्दाच्या अर्थक्षेत्रात तो आहे, एवढेच येथे म्हणावयाचे.

या बाबतीत एक निखालस राजकीय ग्रंथ धर्मग्रंथांच्या पुढे जातो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे प्रकरण आहे, त्यात आंबा-फणसाला हात लावू नये असे सांगताना वृक्षाचे पावित्र्य हे कारण दिलेले नाही. रयतेने ही झाडे लेकरांप्रमाणे पुष्कळ काळ जतन करून वाढविलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखास पारावार राहत नाही, हे कारण दिले आहे. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. दुःख कोणाचे व जाब कोणाला, हे येथे नेमके सांगितलेले आहे.

विधिशास्त्राने अलीकडे नदीला दाता नसण्याची अडचण दुसऱ्या वाटेने सोडवू पाहिली. देवमूर्ती ही विधिमान्य व्यक्ती असून तिच्या वतीने सेवाईत काम पाहतो, हे तत्त्व १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक यांच्या प्रकरणात मांडले. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना विधिमान्य व्यक्तीचा दर्जा देताना हाच धागा पकडला. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. राज्यापुढील अडचण अशी होती की नदी व्यक्ती झाली तर पुराने झालेल्या हानीबद्दल तिच्यावर, म्हणजे तिच्या पालकांवर, दावे येतील. देवता म्हणून नदीला कधीच न विचारलेला जाब व्यक्ती होताच दाराशी आला!

धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथे मात्र गोदावरीबद्दलचा जाब प्रत्यक्ष विचारला गेला आहे, आणि तो धर्माच्या नव्हे, घनफुटांच्या भाषेत. पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर, प्रकल्पाची कोनशिला १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. त्याच्या जलाशयाचा फुगवटा वरच्या बाजूस महाराष्ट्राच्या हद्दीत येतो. त्याच नदीपात्रात महाराष्ट्राने बाभळीचा बंधारा बांधावयास घेतला, तेव्हा २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी लागलेल्या निकालाने बंधारा कायम राहिला. पाणीसाठा २.७४ अब्ज घनफूट ठरला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दारे उघडी ठेवावयाची, आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावयाचे. देखरेखीसाठी तिघांची समिती नेमण्यात आली: एक केंद्रीय जल आयोगाचा आणि दोन्ही राज्यांचा एकेक प्रतिनिधी. अग्रक्रमाचा जो तंटा कोटिरुद्रसंहितेत खड्ड्याच्या काठी सुरू होतो, त्याचे हे आधुनिक रूप म्हणता येईल. फरक एवढाच की येथे प्रायश्चित्ताऐवजी वेळापत्रक आले. ते पाळले गेले नाही तर कोणाला विचारावयाचे, हे कागदावर स्पष्ट आहे. पाण्याच्या गुणाविषयी, त्यात काय मिसळते याविषयी, हा दावा नव्हता, आणि निकालाचा भर अर्थातच वाटपावर राहिला.

धार्मिक पंचांग या वेळापत्रकाशी कसे जुळते, हे दोन्ही काठांवर पाहावयास मिळते. तेलुगू परंपरेत गुरू सिंह राशीत प्रवेश करतो तेव्हा गोदावरीचे पुष्कर सुरू होते आणि पहिल्या बारा दिवसांत स्नानाला विशेष महत्त्व असते. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ हे त्याचेच मराठी भावंड. २०१५ चे पुष्कर १४ ते २५ जुलै या दिवसांत, म्हणजे बाभळीची दारे उघडी असण्याच्या मुदतीत, आले. २०२७ साठी जाहीर झालेले दिवस २६ जून ते ७ जुलै असे आहेत. न्यायालयाने ठरविलेली १ जुलै ही तारीख त्यांच्या मधोमध पडते. पहिले पाच दिवस बंधाऱ्यात पाणी अडविण्याची मुभा महाराष्ट्राला आहे, सहाव्या दिवशी दारे उचलावीच लागतात. त्या पाच दिवसांत खालच्या अंगाला बासर व कंदकुर्तीच्या घाटांवर येणारे भाविक आणि वरच्या अंगाला धर्माबादच्या बाजूचे शेतकरी यांच्यामध्ये ती तीन सदस्यांची समिती उभी असेल.